तीन वह्यांतलं एक गाव

गड्... गड्... गडगड... टक्!

भरदुपारी घर गपगार पडलेलं असताना माझा रूळ पत्र्याच्या पेटीवरून घरंगळला आणि थेट पाट्याला जाऊन टेकला. मी श्वास धरून झोळीकडे पाहिलं. बाळानं एक पाय झाडला, ओठ चोखले, आणि पुन्हा झोपलं. वाचले! सासूबाई वावरात, हे रेल्वेच्या रुळांच्या कामावर, थोरली सुजा दारात फुटक्या बांगड्या मांडून बसलेली. एवढ्या चोरलेल्या वेळात जे लिहायचं ते लिहायचं. बाळ उठलं की गोष्ट संपली.

रूळ म्हणजे गोल, काळा, लाकडी. लाटण्याचा शहरात शिकून आलेला भाऊच म्हणा ना. लाटणं सगळ्याच बायकांच्या हाती असतं. रूळ आमच्या वाडीत माझ्या एकटीच्या. अनसिंगच्या पुढं दोन कोसांवरची आमची वाडी, तिच्यात मॅट्रिक झालेली बाई मी एकच, आणि माझ्यासारखी रेघ पंचक्रोशीत कोणी आखत नाही हे मी स्वतः सांगते. माझी रेघ इतकी सरळ की तिच्यावरून मुंगी चालली तर तिला वाटावं आपण सडकेवर आलो!

तर अशा माझ्या सरळ रेघांनी गेल्या वर्षी अख्ख्या गावाचं काय वाकडं केलं, ते ऐका.

मला गावात बालवाडी हवी होती. हवी म्हणजे जीव टांगणीला लागावा इतकी. सुजा तेव्हा चार वर्षांची. सासूबाई निंदायला जाताना तिला बरोबर नेत आणि बांधावर बाभळीखाली बसवत. एकदा ती बसल्या जागी झोपली ती कुणाच्यातरी बैलाच्या पुढच्या दोन पायांमध्ये. बैल शहाणा, म्हणून तासभर हलला नाही. पण दर वेळी बैल शहाणा असेलच कशावरून? बालवाडी आली असती तर बाई मी झाले असते, आणि पहिल्या रांगेत सुजा बसली असती.

मी तालुक्याला अर्ज केला. वरून उत्तर आलं: तीन ते सहा वयाची चाळीस लेकरं दाखवा. त्यासाठी घरोघर पाहणी करा. पाहणीच्या वहीच्या तीन प्रती ठेवा, एक अर्जदाराकडे, एक वाडीलगतच्या तांड्यावर, एक ग्रामपंचायतीत. पंचायतीतल्या प्रतीवरून वर कळवलं जाईल. आणि तिन्ही प्रतींचे रकाने सारखे असले पाहिजेत.

पाहणी मीच केली. बाळ कडेवर, वही डोक्यावर. सात रकाने होते: घरातला कर्ता, माणसं, शिकलेली माणसं, तीन ते सहाची लेकरं, म्हशी, बकऱ्या, कोंबड्या. अडतीस घरं झाली. लेकरं भरली त्रेचाळीस! मी घरी येऊन सुजाचा मुका घेतला. तिचाही त्यात एक आकडा होता.

आता राहिल्या दोन नकला. तांड्याची वही हेमसिंगकडे होती. तांड्यावर सातवी झालेला तो एकटा, अक्षर मोत्यासारखं. पंचायतीची वही जानरावांकडे. जानराव आमचे ग्रामसेवक. नोकरीची तीन वर्षं उरलेली, तोंडात सुपारी, डोळे कायम अर्धे मिटलेले. कुठला अर्धा जागा आहे ते ओळखू येत नसे. कोरे रकाने आखून आणा म्हणून मी दोघांना चिठ्ठी दिली आणि अनसिंगच्या बाजारच्या दिवशी तिघं लिंबाखाली बसलो.

इथं मला ती अक्कल सुचली.

प्रत्येक घराला "शिकलेली माणसं इतकी, तीन ते सहाची लेकरं इतकी" असं किती वेळा सांगायचं? रकान्यांची नावं पहिल्या पानावर आहेतच, पुढच्या पानांवर नुसत्या रेघा. मी म्हटलं, आपण रकान्यांना नंबर देऊ. मी नंबर सांगते, तुम्ही आकडा टाका.

"एक, देवमन. दोन, सात. तीन, शून्य. चार, दोन. पाच, शून्य. सहा, तीन..."

"बाई, तुमी तं मटक्याचे आकडे सांगून राह्यल्या," हेमसिंग म्हणाला. शेजारचा मिरचीवाला खरोखरच कान देऊन ऐकत होता.

पण अडतीस घरं दोन तासांत झाली! मग ताळा पाहिला. तोही नंबरानंच.

"चारचं एकूण?"

"त्रेचाळीस," जानराव डोळे मिटून म्हणाले.

"त्रेचाळीस," हेमसिंग म्हणाला.

"पाचचं?" नऊ. नऊ. "सहाचं?" एकसष्ट. एकसष्ट. एका वेळी जन्मलेली तीन लेकरंही इतकी सारखी नसतात. मी त्या दिवशी बाजारातून वांगी घ्यायची विसरले, इतकी खूश होते.

पाहणीत मला आणखी एक शोध लागला होता. पाळण्यातलं नाव घेऊन लेकराला हाक मारली तर लेकरू मागं वळून पाहतं, कोणाला बोलावलं म्हणून. सुवर्णमाला म्हटलं तर कोणी हलत नाही. ठकी म्हटलं की धूळ उडवत येते. उद्या बालवाडीत हजेरी कशी घेणार? म्हणून मी माझ्या वहीत शेवटी एक रकाना वाढवला होता: लाडाचं नाव. निघता निघता दोघांना सांगितलं, "आठव्या रकान्यात लेकरांची लाडाची नावं लिहून घ्या."

"आठवा हाय माह्याजवळ," जानराव म्हणाले.

मला वाटलं, किती तत्पर माणूस! सांगायच्या आधी रकाना तयार!

घरी आल्यावर मोठ्या तोऱ्यात मी हे सगळं यांना सांगितलं. आमचे हे, शेषराव, रेल्वेत गँगमन आहेत. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आमच्या रेल्वेत सांधा बदलला तं पुढच्या ठेसनाले आंदी सांगा लागते. नाई तं गाडी दुसऱ्याच गावाले जाते."

मी म्हटलं, वहीला काय चाकं असतात?

महिन्याभरानं जानराव दोन पत्रं घेऊन आमच्या ओट्यावर आले. डोळे पूर्ण उघडे होते.

पहिलं पत्र माझं. आपल्या गावात तीन ते सहा वयाची लेकरं फक्त नऊ असल्यानं बालवाडी मंजूर करता येत नाही.

दुसरं पत्र गावाचं. अडतीस घरांत त्रेचाळीस संडास बांधून आपल्या गावानं सबंध तालुक्यापुढे आदर्श घालून दिल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. विस्तार अधिकारी परवा सकाळी पाहणीस येतील. ता. क. कोंबड्यांच्या रकान्यात ठकी, बाळ्या, चिमणी अशी नावे आढळतात, तरी खुलासा करावा.

सासूबाई, चंपाबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"त्रेचाळीस?" त्या म्हणाल्या. "मंग मी रोज पहाटे लोटा घेऊन दोन फर्लांग कायले जातो वं?"

मी जानरावांच्या हातून वही ओढून पहिलं पान उघडलं. कर्ता, माणसं, शिकलेली माणसं, आणि चौथा रकाना... संडास!

"हे काय?"

"वरून कागद आला होता," जानराव म्हणाले. "संडासाची नोंद ठेवा म्हणून. म्या घातला मधात एक खाना. तुमाले सांगनारच होतो."

मी डोकं धरलं. माझं चार म्हणजे लेकरं. त्यांचं चार म्हणजे संडास. माझं पाच म्हशी. त्यांचं पाच लेकरं. लेकरं संडासांत गेली, म्हशी लेकरांत आल्या, बकऱ्या म्हशी झाल्या. आणि त्यांचा आठवा रकाना? तो आधीपासून कोंबड्यांचा होता. तिथं लाडाची नावं जाऊन बसली! ठकी, बाळ्या, चिमणी. आणि माझी सुजासुद्धा, खुराड्यात.

हेमसिंगला बोलावलं. त्याची वही उघडली तर तिच्यात तिसराच प्रकार! शिकलेल्या माणसांचा रकानाच नव्हता. त्यामुळे पुढचे सगळे रकाने एकेक घर अलीकडे सरकलेले. त्याच्या वहीत गावात त्रेचाळीस म्हशी होत्या. शेवटचा आकडा समासात लोंबकळत होता.

"काहून गाळला रे रकाना?" मी विचारलं.

हेमसिंग जमिनीकडे पाहू लागला. "तांड्यावर शिकलेला मी एकटा, बाई. पान पान शून्य, शून्य लिवायची मले लाज वाटली. मंग तुमी नंबर सांगत गेल्या अन् मी लिवत गेलो."

त्याला काय बोलणार? मी तरी रकाना वाढवला होता तो आधी कुठं नीट सांगितला होता? तिघांनी एकेक सांधा बदलला होता आणि गाडी तीन गावांना गेली होती.

मी म्हटलं, साहेब आले की खरं ते सांगून टाकू.

"बाई," जानरावांनी हात जोडले, "तीन वर्सं राह्यली माही. शेवटच्या पानावर शाई नोका सांडू. दोन दिवस हायेत. तुराट्या हायेत. गोणपाट हाय."

तूर नुकतीच निघाली होती. प्रत्येक अंगणात तुराट्यांची गंज होती. चार खुंट रोवायचे, तुराट्यांचा कूड बांधायचा, पुढं गोणपाटाचा पडदा सोडायचा. झाला संडास! मी नको म्हणायला हवं होतं. पण नुसतं "कूड घट्ट बांधा" एवढंच म्हणाले. हे लिहितानाही माझे कान तापतात.

दोन दिवसांत अकरा उभे राहिले. पुढच्याला सुतळी पुरली नाही. जानरावांचा बेत असा, की साहेबांना तेच अकरा चार वेगवेगळ्या वाटांनी दाखवायचे.

साहेब आले. नाव माणिकराव. उंच, सडपातळ, बगलेत भली मोठी वही, आणि पाठीमागं शिपायाच्या हातात झेंडूचा हार. अर्धं गाव त्यांच्या मागं निघालं. मी बाळाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या शेवटी. पाय मातीत रुतत होते.

पहिल्या आडोशापाशी जानराव म्हणाले, "हा पहा साहेब, नमुना." साहेबांनी पडदा उचलला.

आत चार लेकरं मातीच्या भाकरी थापत बसली होती. आजपर्यंत कोणी त्यांना त्यांच्या मापाचं घर बांधून दिलं नव्हतं. सकाळपासून सगळ्या वाडीची आणि तांड्याची लेकरं त्या अकरांमध्ये राहायला गेली होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता!

ठकीनं साहेबांकडे खालून वर पाहिलं. "पयले चपला काहाडा," ती म्हणाली. "सारवेल हाय."

साहेबांनी खरंच चपला काढल्या.

दुसऱ्यात बाहुलीचं लग्न चाललं होतं. तिथं साहेबांना वरपक्षाकडून बसवलं आणि दगडाचा लाडू दिला. साहेबांनी तो खिशात ठेवला. तिसऱ्या आडोशापुढं माझे पायच थांबले. आतून माझाच आवाज येत होता, पण चार वर्षांचा.

"एक, देवमन! दोन, सात! तीन, शून्य!"

सुजा. हातात माझा रूळ. पुढं सहा लेकरं मांडी घालून, हाताची घडी घालून बसलेली. तिनं साहेबांकडे रूळ केला.

"तुमी उशिरा आले. लाडाचं नाव सांगा."

"माणिकराव," साहेब म्हणाले.

"थे नाई. लाडाचं."

अख्खं गाव कान देऊन उभं. साहेब खोकले. त्यांनी शिपायाकडे पाहिलं, शिपायानं आभाळाकडे.

"मन्या," साहेब हळूच म्हणाले.

"मन्या, मांगं बस," सुजा म्हणाली.

त्या क्षणी माझ्यानं राहवलं नाही. मी पुढं झाले आणि सांगून टाकलं. आमच्याकडे संडास एकही नाही. कोंबड्यांना नावं नाहीत. नंबराची अक्कल माझी, त्यात जानरावांचा किंवा हेमसिंगचा दोष नाही. माझ्या वहीतले आकडे खरे आहेत.

साहेबांनी तिन्ही वह्या बुद्धविहाराच्या ओट्यावर शेजारी शेजारी उघडल्या. एका गावात नऊ लेकरं आणि त्रेचाळीस संडास. दुसऱ्यात सत्तावीस लेकरं आणि त्रेचाळीस म्हशी. तिसऱ्यात त्रेचाळीस लेकरं.

"यातलं खरं गाव कोणतं?" त्यांनी विचारलं. "तुमच्या वहीवर कसा विश्वास ठेवू, बाई? बालवाडी तर तुम्हालाच हवी आहे."

बाळ माझा पदर चघळत होतं. बालवाडी तर गेलीच, आता खोटेपणाचाही शिक्का! मला तो बाभळीखालचा बैल दिसायला लागला.

उत्तर दिलं तांड्यावरच्या रुपाबाईनं. तिची चार नातवंडं त्या आडोशांत होती. बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात कमरेवर ठेवून ती म्हणाली, "वही कायले पाहून राह्यले साहेब? पडदे उचला अन् मोजा. संडास काही पळत नाई, लेकरू पळते. जे पळन थे लेकरू."

साहेबांनी पडदे उचलले. लेकरं पळाली. हेमसिंगनं अन् बायकांनी धरून धरून रांगेत उभी केली. शिपायानं हार गळ्यात अडकवून दोन्ही हात मोकळे केले आणि प्रत्येक डोक्यावर टपली मारत मोजलं. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस.

बेचाळीसच! जानरावांनी डोळे मिटले. मी पुन्हा पुन्हा रांगेवरून नजर फिरवत होते. तेवढ्यात अकराव्या आडोशातून कोणीतरी रडलं. रुपाबाईचा धाकटा नातू, रूपला, आत झोपून गेला होता. उठला आणि घरात कोणीच नाही म्हणून भोकाड पसरलं.

"त्रेचाळीस," साहेब म्हणाले, आणि हसू दाबायला वहीत तोंड घातलं.

मग मात्र त्यांनी मला चांगलंच सुनावलं. रकान्याचं नाव प्रत्येक पानावर लिहायचं. रकाना वाढवायचा किंवा गाळायचा तर तिघांनी एका दिवशी, एका जागी बसून, तिन्ही वह्यांत. ताळा नावानं घ्यायचा, नंबरानं नाही. हेमसिंगला म्हणाले, "शून्य लपवलं तर तुमच्या तांड्यावर शाळा कशी येईल?" आणि जानरावांना म्हणाले, "अकरा आडोसे झालेच आहेत. आता खड्डे खणा. मी चार महिन्यांनी येतो आणि चपला घालूनच येतो."

खड्डे खणले. सगळ्यात खूश सासूबाई. पहिला त्यांनीच पटकावला, आणि आता सगळ्यांना सांगतात की माह्या सुनेनं वहीत रेघ मारली अन् हे झालं.

आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बालवाडी मंजूर झाली! पंचायतीची प्रत साहेबांनी स्वतःच्या हातानं दुरुस्त केली होती. सामान घेऊन बैलगाडी आली, आम्ही सगळे पुढं धावलो. गाडीत नऊ पाट्या होत्या. मोजून नऊ. आणि एक काचेच्या चौकटीतलं मानपत्र: त्रेचाळीस संडासांच्या आदर्श गावास.

दुरुस्ती होण्याआधीच चौथी प्रत आणखी वर निघून गेली होती म्हणे. चौथी प्रत असते हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं!

पाट्या आम्ही पाळीपाळीनं वापरतो. मानपत्राची चौकट उलटी करून मागच्या फळीला काजळी फासली. बालवाडीचा फळा तोच. जानराव येतात, फळ्याकडे पाहतात आणि सुपारी विसरतात.

आता हजेरीची नवी वही आखतेय. प्रत्येक पानावर रकान्यांची नावं, लाल शाईनं. हेमसिंग उद्या येईल, त्याची वही घेऊन. तिघांच्या वह्या माझ्या या पेटीवर एकत्र उघडल्याशिवाय मी एक रेघ आखणार नाही. आणि ही गोष्ट लिहितेय ती कुठं? त्या जुन्या वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर, सात रेघा ओलांडून.

सुजा केव्हाची बांगड्या टाकून माझ्या मांडीला लागून बसली आहे. रूळ तिनंच पाडला होता, हे आत्ता कबूल झालं. तिनं जुन्या वहीचं पान उलटलं आणि आपल्या घराची ओळ विचारली. मी बोट धरून दाखवली. पहिला रकाना, शेषराव. हे तुझे बाबा. दुसरा रकाना, पाच. आपण सगळे. आठवा रकाना, सुजा आणि बाळ.

तिनं बोट पुन्हा पहिल्या रकान्यावर नेलं, तिथून सरकवत सरकवत शेवटच्या रेघेपर्यंत आणलं. पान उलटं करून मागूनही पाहिलं.

"माय," ती म्हणाली, "तुहं लाडाचं नाव कोन्त्या खान्यात हाय?"